विद्यापीठाचे मुख्यालय आल्याने शहराचे नेमके काय होते? दापोली आणि लोणेरे येथील अनुभव हवे आहेत

प्रश्न : खाडीपलीकडचा, रत्नागिरी

नमस्कार.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी मुंबई विद्यापीठापासून वेगळे, स्वतंत्र विद्यापीठ असावे ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. सावंतवाडीचा मुलगा ज्या विद्यापीठाची पदवी घेतो त्याचे मुख्य कार्यालय त्याच्या घरापासून सुमारे ५०० किलोमीटरवर आहे, त्यामुळे त्या मागणीमागचे कारण कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. मागणी योग्य की अयोग्य हा वाद येथे नको. माझी अडचण निराळी आहे.

आमच्या शहरातील काही मंडळींनी मुख्यालय येथेच व्हावे असे निवेदन देण्याचे ठरवले आणि निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो या समजुतीने मसुदा लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात घातले. ‘विद्यापीठामुळे शहराचा सर्वांगीण विकास होईल’ हे वाक्य मी सवयीने लिहून गेलो आणि मग दोन दिवस त्याच वाक्यापाशी अडून बसलो आहे, कारण उद्या कोणी ‘म्हणजे नेमके काय होईल?’ असे विचारले तर खोल्यांची भाडी वाढतील आणि झेरॉक्सची दुकाने निघतील यापलीकडे मला काही सांगता येणार नाही.

कोकणात याची दोन उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे आणि लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथे राहणाऱ्यांनी, शक्यतो स्वतः पाहिलेले, लिहावे ही विनंती. ‘विकास झाला’ किंवा ‘काही झाले नाही’ एवढेच उत्तर मला उपयोगी पडणार नाही.

उत्तर १ : कलमवाला, दापोली तालुका

दापोलीचे सांगायचे तर सुरुवात विद्यापीठापासून करून चालणार नाही. विद्यापीठ १९७२ चे, त्याआधीचे कृषी महाविद्यालय १९६५ चे, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून येथे इंग्रजांची छावणी होती. जुनी माणसे अजूनही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. पेन्शनीत निघालेले सैनिक येथे येऊन राहत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हेही निवृत्तीनंतर काही काळ येथेच होते. बाहेरून येणाऱ्या पगारावर आणि पेन्शनवर बाजार चालण्याची सवय या गावाला शंभर-दीडशे वर्षांची आहे. त्यामुळे प्राध्यापक आणि कर्मचारी यांचे पगार बाजारात आले, चांगल्या शाळांना मुले मिळाली, दवाखाने वाढले, हे सर्व खरे असले तरी छावणीने जे केले तेच विद्यापीठाने मोठ्या प्रमाणावर केले, असे मी म्हणेन.

जे छावणीने केले नाही आणि विद्यापीठाने केले ते कलमांचे.

माझे वडील भेटकलमे करीत. रोपाची कुंडी मचाणावर चढवून हापूसच्या फांदीजवळ न्यायची, रोपाची आणि फांदीची साल तासून दोन्ही एकमेकांना बांधायची आणि सांधा जुळेपर्यंत काही महिने वर चढून पाणी घालत राहायचे. वर्षाला किती कलमे होणार हे झाडाच्या फांद्या आणि मचाणाची जागा यांवर ठरे. कोय कलमाच्या पद्धतीने ते चित्र पालटले. पावसाच्या तोंडाला रायवळ आंब्याच्या कोया वाफ्यावर रुजत घालतात. पंधराएक दिवसांत तांबूस, लवलवीत कोंब वर येतो. तो कोयीच्या वर चार बोटांवर छाटून मध्ये उभी चीर देतात, हापूसच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून पिशवीत लावतात. हे सर्व पडवीत बसून होते. काजूसाठी मृदकाष्ठ कलमाची, म्हणजे कोवळ्या खोडावर कलम बांधण्याची, पद्धतही याच धर्तीवर हातोहात पसरली. आमच्या वाडीतील ज्या बायकांच्या बोटांत ही बांधणी बसलेली आहे त्यांच्यापैकी एकीनेही विद्यापीठाच्या वर्गात पाऊल ठेवलेले नाही. प्रक्षेत्रावर रोजंदारीला गेलेल्या चार जणी ते शिकून आल्या आणि उरलेल्या त्यांच्याकडून शिकल्या.

तरीही हे तंत्र एकट्याने काही करू शकले नसते. १९९० पासून महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली आणि कोकणातील वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या, जमिनीवर आंबा-काजू लावण्यासाठी अनुदान मिळू लागले. कलमांना एकाएकी प्रचंड मागणी आली आणि ती भागवण्याचे कसब तोवर दापोलीच्या आसपासच्या वाड्यांमध्ये उतरलेले होते. आज रस्त्याच्या कडेला ज्या रोपवाटिका दिसतात त्यांचे मूळ या योगायोगात आहे. विद्यापीठाने काढलेल्या जातींचे श्रेय मी नाकारत नाही. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ आली आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून पातळ कोयीची ‘सिंधू’ आली. पण गिऱ्हाईक आजही हापूसच मागते, म्हणून माझ्या मते विद्यापीठाने परिसराला दिलेली मोठी वस्तू जात नसून हातांचे कसब आहे.

सर्वच गोड आहे असेही नाही. हापूस एक वर्षाआड धरतो. दरवर्षी धरावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे झाडाची वाढ रोखणारे रसायन वापरण्याची शिफारस येथूनच झाली आणि शिफारशीप्रमाणे, झाडाच्या घेराचा हिशेब करून घातले तर त्याचा उपयोग होतो. मात्र बाग कराराने घेणारा माणूस, ज्याला ते झाड दहा वर्षांनी पाहायचे नसते, तो मात्रा मोजत बसत नाही. विद्यापीठातून शिफारस बाहेर पडली की ती कोणाच्या हाती जाईल हे विद्यापीठाच्या हाती राहत नाही.

खोल्यांविषयी एक गोष्ट आपल्या मसुद्यासाठी सांगून ठेवतो. दापोलीत खोली बांधणाऱ्याला दोन गिऱ्हाइके आहेत, विद्यार्थी आणि पर्यटक. पर्यटक नाताळात, मे महिन्यात आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना येतो आणि एका रात्रीचे जे देतो ते विद्यार्थी पंधरवड्याला देत नाही. त्यामुळे चांगली खोली पर्यटकाकडे जाते आणि विद्यार्थ्याला मागची, ओल धरणारी खोली मिळते. रत्नागिरीतही गणपतीपुळ्याच्या वाटेवर हेच होईल.

उत्तर २ : चाळीस डबे, लोणेरे

मी आणि माझ्या सासूबाई मिळून विद्यार्थ्यांची खानावळ चालवतो, त्यामुळे माझे उत्तर स्वयंपाकघरातून आलेले आहे असे समजावे.

लोणेरे हे माणगाव आणि महाड यांच्यामधले, महामार्गालगतचे गाव. विद्यापीठ १९८९ चे. चवदार तळ्याचा सत्याग्रह जेथे झाला ते महाड जवळ असल्याने बाबासाहेबांच्या नावाचे विद्यापीठ या परिसरात असणे आम्हा सर्वांना अभिमानाचे वाटते. विद्यापीठ येण्यापूर्वी येथे भातशेती होती आणि घरटी एकजण मुंबईला होता, एवढेच सासूबाई सांगतात. आता भातशेती थोडी कमी झाली आहे, मुंबईला जाणे तसेच आहे आणि मधल्या जागेत आम्ही आहोत: खानावळी, खोल्या, वह्या-छपाईची दुकाने आणि माणगावपर्यंत धावणाऱ्या मिनिडोर.

बदल कसा येतो ते ताटात लवकर दिसते. आमच्याकडे भाकरी म्हणजे तांदळाची. लातूर, सोलापूर, नांदेडकडची मुले येऊ लागली तेव्हा ती पहिले चार दिवस गुमान जेवत आणि पाचव्या दिवशी ‘काकू, ज्वारीची भाकरी मिळेल का?’ असे विचारत. सासूबाईंना ज्वारीचे पीठ थापता येत नव्हते. तव्यावर टाकताना भाकरी मोडे. शेवटी बार्शीकडच्या एका मुलाची आई त्याला भेटायला आली असताना तिने चुलीपुढे बसून पीठ गरम पाण्याने कसे मळायचे ते दाखवले. आता आठवड्यातून तीन दिवस ज्वारी असते, शेंगदाण्याची चटणी रोज असते, आणि ती आमच्या घरातील मुलेही खातात. बांगड्याचे कालवण मात्र त्या मुलांपैकी निम्म्यांना अजून पचनी पडलेले नाही.

आता दुसरी बाजू सांगते. मार्च २०२० मध्ये चार दिवसांत गाव रिकामे झाले. मी नुकतेच तांदळाच्या पाच गोणी आणि तेलाचे डबे उधारीवर भरले होते, कारण परीक्षेच्या दिवसांत डबे वाढतात. मुले गेली, खोल्यांचे भाडे थांबले, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले त्यात आमच्या दोन खोल्यांचे पत्रे उडाले. ज्या घरांनी भातशेती सोडून खोल्यांसाठी कर्ज काढले होते त्यांच्यापेक्षा ज्यांनी दोन्ही ठेवले होते ते सावरले. एकाच गिऱ्हाइकावर उभे असलेले गाव म्हणजे काय असते ते आम्ही त्या वर्षी पाहिले. यात कोणाचा दोष नव्हता, पण निवेदन लिहिणाऱ्याने ते ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. २०१४ च्या कायद्यानंतर हे विद्यापीठ राज्यभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना संलग्नता देणारे झाले. विद्यापीठाचा पसारा त्यामुळे पुष्कळ वाढला, पण ती मुले आपापल्या गावीच शिकतात. लोणेऱ्याला त्यांच्या उत्तरपत्रिका आणि गुणपत्रिका यांचा व्याप आला. जेवायला कोणी आले नाही. माझे डबे कायद्याच्या आधी जितके होते तितकेच कायद्यानंतरही राहिले.

उत्तर ३ : सड्यावरचा मास्तर, सिंधुदुर्ग

चाळीस डबे यांच्या शेवटच्या परिच्छेदात या चर्चेचे मर्म आहे असे मला वाटते, म्हणून तेथूनच पुढे जातो.

‘विद्यापीठ’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या संस्था मोजतो. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये निघाली ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे होते. दुसरा प्रकार आहे शिक्षक आणि विद्यार्थी जेथे एकत्र राहतात त्या निवासी विद्यापीठाचा. शहरावर ठसा उमटतो तो दुसऱ्याचा, आणि तो नेहमी गोडीगुलाबीने उमटला असेही नाही. ऑक्सफर्डला १३५५ च्या फेब्रुवारीत दारू वाईट दिली या तक्रारीवरून विद्यार्थी आणि गुत्तेवाला यांची जुंपली, तीन दिवस दंगल चालली, दोन्ही बाजूंची कितीतरी माणसे मेली आणि राजाने कौल विद्यापीठाच्या बाजूने दिला. पाव आणि दारू यांचे दर व वजनमापे तपासण्याचा अधिकार त्यानंतर विद्यापीठाकडे गेला, आणि शहराच्या महापौराला दरवर्षी चर्चमध्ये जाऊन प्रायश्चित्ताचा दंड भरावा लागे. हा प्रकार १८२५ पर्यंत चालू होता. आपल्या नगराध्यक्षांनी मुख्यालय मागण्यापूर्वी ही गोष्ट वाचावी, असे गमतीने सुचवतो.

गंमत बाजूला ठेवून जवळचे उदाहरण घेऊ. याच किनाऱ्यावर दक्षिणेला उडुपीजवळ मणिपाल आहे. तेथील टेकडी आपल्या सड्यासारखीच, म्हणजे कातळाच्या पठारासारखी, जांभ्याची, उघडी होती. डॉ. टी. एम. ए. पै यांनी १९५३ मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालय काढले आणि त्याभोवती गाव वसले. यात रुग्णालय महत्त्वाचे आहे. विद्यार्थी सुटीत घरी जातात, रुग्ण बाराही महिने येतात; त्यांच्याबरोबर नातेवाईक येतात, त्यांना राहायला आणि जेवायला लागते. लोणेऱ्याला जे संकट २०२० मध्ये आले ते लहान प्रमाणात प्रत्येक उन्हाळी सुटीत येतच असणार, आणि ज्या संस्थेला विद्यार्थ्यांखेरीज दुसरे येणारे-जाणारे आहेत तिच्या गावाला ते कमी जाणवते.

कोकणाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. आपली गावे खोऱ्यात, खाडीच्या आणि वहाळाच्या कडेने वसलेली आहेत, आणि मोठी सलग जागा मिळते ती वर, सड्यावर. गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे ते याच कारणाने. सड्यावर जागा असते, पाणी नसते, आणि बाजार दोन-तीन वळणांनी खाली राहतो. संध्याकाळी सहानंतर खाली यायला वाहन नसेल तर विद्यार्थी परिसरातच राहतो आणि शहराला त्याची गाठच पडत नाही. (सडा ‘पडीक’ असतो असे निवेदनात लिहू नये, ही वेगळी विनंती. तेथे गुरे चरतात, पावसाळ्यात त्यावर फुलांचा आणि पाण्याचा एक स्वतंत्र संसार असतो, आणि रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत.)

खोल्यांविषयीही कोकण घाटावरच्यासारखे वागणार नाही. आपल्याकडे गावोगावी बंद घरे आहेत, तरीही ती भाड्याला मिळत नाहीत, कारण चाकरमान्याला गणपतीत आणि शिमग्याला तेच घर उघडायचे असते. जमिनीच्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे असतात. एक मुंबईला, एक बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही. सर्वांच्या सह्या जमेपर्यंत विद्यार्थ्यांच्या तीन तुकड्या पास होऊन जातात. त्यामुळे विद्यापीठाचा फायदा ज्याच्या नावावर स्वच्छ, एकट्याची जमीन आहे त्याला होतो, आणि असा माणूस बहुधा अलीकडे जमीन विकत घेतलेला असतो.

कलमवाल्यांना एकच पुरवणी जोडतो. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ चे, म्हणजे विद्यापीठापेक्षा जुने. काजूच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती तेथून निघाल्या आणि सिंधुदुर्गातील काजूची लागवड त्यांनी बदलली. मुख्यालय दापोलीला आहे म्हणून वेंगुर्ल्याचे काही अडले नाही. आपल्या रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहेच. तेव्हा मुख्यालय कोणाकडे यापेक्षा कोणता विभाग कोठे आणि त्याचा खालच्या बंदराशी संबंध काय, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

उत्तर ४ : मूळची देवरुखची, सध्या पुणे

मास्तरांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. कोणता विभाग कोठे उघडायचा, कोणत्या महाविद्यालयाला कोणता विषय मंजूर करायचा, हे निर्णय जेथे कुलगुरू आणि अधिसभा बसतात तेथे होतात. शेजारच्या शहरातील माणूस सकाळी एसटीने जाऊन गाऱ्हाणे मांडून संध्याकाळी घरी परततो. लांबचा माणूस पत्र लिहितो आणि वाट पाहतो. मुख्यालयाने खानावळी भरत नसतील, पण त्या शहरातील शिक्षक, वकील, छापखानेवाले आणि पालक यांचा आवाज आत पोहोचतो. पुण्याला १९४९ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले तेव्हा फर्ग्युसन आणि डेक्कन यांसारखी महाविद्यालये कित्येक दशके चालू होती. शहराचे वळण तोवर पडलेलेच होते. विद्यापीठाने त्याला निर्णयाचा अधिकार दिला, आणि तो मला किरकोळ वाटत नाही. रत्नागिरीतही गोगटे जोगळेकर महाविद्यालय १९४५ पासून आहे, म्हणजे पाया येथेही आहे.

प्रश्नकर्ता : खाडीपलीकडचा, रत्नागिरी

सर्वांचे आभार. ‘सर्वांगीण विकास’ हे वाक्य मी खोडले. त्या जागी आता तीन मागण्या आहेत: परीक्षा विभागाबरोबरच शिकवणारे पदव्युत्तर विभागही येथे असावेत, त्यांपैकी निदान एक समुद्र, मासेमारी आणि बंदरे यांच्याशी निगडित असावा व त्याची प्रयोगशाळा सड्यावर न ठेवता मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी, आणि सड्यावरून शहरात रात्री नऊपर्यंत बस असावी. देवरुखच्या ताईंचा मुद्दा मला पटला, म्हणून मुख्यालयाची मागणी मागे घेतलेली नाही, फक्त ती पहिल्या क्रमांकावरून चौथ्यावर नेली आहे. मंडळींपैकी दोघांना हा क्रम मान्य नाही आणि रविवारी त्यावर बैठक आहे.

चाळीस डबे यांना एक शंका विचारायची आहे. वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या मुलांच्या पाण्याचा हिशेब कोणी करते का? आमच्या मसुद्यात पाण्याविषयी एक ओळही नाही.

उत्तर : चाळीस डबे, लोणेरे

काका, तो हिशेब माझ्या पाहण्यात तरी घरमालकच करतो, आणि तो एप्रिलमध्ये करतो. ग्रामीण नळपाणी योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात. आमच्या एका खोलीत चार मुले आहेत. अंघोळ, कपडे आणि संडास मिळून त्यांची ५०० लिटरची टाकी दोन दिवस पुरते, म्हणजे माणशी ५५ पेक्षा थोडे अधिकच. शिवाय ती मुले येथील मतदार नसतात, त्यामुळे ग्रामसभेत त्यांच्या वतीने पाणी मागायला कोणी उठत नाही. मी दोनदा उठले होते. तेव्हा ‘तुमच्या धंद्याचे पाणी तुम्ही बघा’ असे उत्तर मिळाले आणि ते अगदीच चुकीचे होते असेही म्हणता येत नाही. गेल्या वर्षी आम्ही पन्हळी लावून छपराचे पाणी विहिरीत सोडले आहे. विहीर पूर्वी मार्चअखेर तळ दाखवत असे, यंदा ती एप्रिलच्या मध्यापर्यंत पोहोचली. रविवारच्या बैठकीत पाण्याची ओळ घालणार असाल तर टाकीचे माप आणि पन्हळीचा खर्च मी लिहून पाठवते.